हरितगृहाची भूमी : उपनगरांतील वनौषधी लागवडीसाठी तळाची निवड आणि उष्णतारोधन

शार्ङ्गधर संहितेच्या पूर्वखंडात काही द्रव्ये सदैव आर्द्र, म्हणजे ओलीच वापरावीत, असा स्पष्ट निर्देश आहे. गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा आणि प्रसारणी ही ती नऊ द्रव्ये होत. ओले द्रव्य दुप्पट घ्यावे हा सामान्य नियमही त्यांना लागू नाही. पदवीच्या अभ्यासात हा पाठ आपण सर्वांनी मुखोद्गत केला. परंतु अंधेरी वा घाटकोपर येथे व्यवसाय करणाऱ्या वैद्याने रुग्णास वासास्वरस लिहून दिल्यावर तो ओला अडुळसा आणायचा कोठून, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. बाजारात मिळते ते वाळलेले, अनेक हातांतून आलेले आणि पुष्कळदा ओळख हरवलेले द्रव्य. म्हणूनच गेल्या काही वर्षांत आपल्या उपनगरांतील अनेक वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधालयांच्या मालकांनी गच्चीवर अथवा इमारतीच्या आवारात लहानसे हरितगृह उभारण्याचा विचार सुरू केला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय.

असे हरितगृह उभारताना चर्चा होते ती छताची. शेडनेट पन्नास टक्क्यांची घ्यावी की पंच्याहत्तर, प्लास्टिकचा कागद किती जाडीचा असावा, सांगाडा लोखंडी पाइपचा की बांबूचा, यावर तासन् तास बोलले जाते. पायाखालच्या तळाचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो, किंवा होतच नाही. आमच्या मते या कामातील यशापयश प्रथम तळावर ठरते. छत चुकले तर एका हंगामात बदलता येते. तळ चुकला तर खालच्या घरात गळती होते, स्लॅबवर भार येतो, मुळे करपतात किंवा कुजतात, आणि सर्वांत गंभीर म्हणजे ज्या वनस्पतीचा स्वरस रुग्णाच्या पोटात कच्चाच जावयाचा आहे ती दूषित होते.

भूमिपरीक्षा आणि देशविचार

द्रव्यसंग्रहापूर्वी भूमीची परीक्षा करावी, हा विचार आपल्या संहितांत मुळापासून आहे. सुश्रुताने सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात खड्डे, खडे, दगड, वारूळ, स्मशान इत्यादी दोषांपासून मुक्त, क्षाररहित, जवळ पाणी असलेली, मृदू पण स्थिर अशी भूमी प्रशस्त मानली. चरकाने कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जांगल, आनूप आणि साधारण असे देशाचे तीन प्रकार वर्णन करून औषधी द्रव्ये साधारण किंवा जांगल देशातून घ्यावीत असे सांगितले. भूमी ही वनस्पतीची केवळ आधारशिला नसून तिच्या रसवीर्याचा एक हेतू आहे, हा त्यामागील आशय आहे.

आता आपल्या स्थितीकडे पाहू. मुंबई उपनगर हा स्वभावतः आनूप देश. सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदींनुसार जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सरासरी सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु याच उपनगरातील इमारतीच्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी उभे राहिले तर तापलेला स्लॅब, कोरडा वारा आणि सावलीचा अभाव यांमुळे तीच जागा जांगल देशाचे लक्षण धारण करते. आठ महिने जांगल आणि चार महिने आनूप अशा या टोकाच्या अवस्थांमधून शक्य तितका साधारण देश निर्माण करणे, हे हरितगृहाचे कार्य होय. यात छताचा वाटा आहेच. पण ओल आणि उष्णता या दोन्ही गोष्टी मुळांपर्यंत पोहोचतात त्या तळाच्या मार्गाने.

परदेशी पुस्तके आणि आपली गरज

हरितगृहावरील बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. तेथे तळास उष्णतारोधक थर देण्याचा हेतू एकच असतो. हिवाळ्यात बाहेरची जमीन गोठते. आत कृत्रिम उपायांनी दिलेली उष्णता पायाच्या कडांमधून बाहेर निसटते. म्हणून तेथे पायाच्या भोवती फेसाळ प्लास्टिकचे फलक उभे पुरतात किंवा काँक्रीटच्या तळाखाली अंथरतात. हे वाचून आपल्याकडेही तसेच करण्याचा मोह होतो.

सांताक्रूझ येथे आजवर नोंदलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, तेही २२ जानेवारी १९६२ रोजी. एरवी जानेवारीतील पहाटेचे तापमान सरासरी सोळा-सतरा अंशांच्या आसपास असते. म्हणजे जमीन गोठण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जानेवारीत एखाद्या बीजाचे वा कलमाचे अंकुरण मंदावले तर तेवढ्यापुरता रोपांचा ट्रे थर्माकोलच्या जाड तक्त्यावर ठेवणे पुरेसे होते. आपला शत्रू थंडी नव्हे, तर तापलेला स्लॅब आणि साचलेले पाणी हे दोन होत. म्हणून आपल्याकडे तळाचे उष्णतारोधन करावे की नाही, याचे उत्तर हरितगृह कोठे आहे यावर अवलंबून आहे. जमिनीवर असेल तर करू नये. गच्चीवर असेल तर केल्यावाचून राहू नये.

जमिनीवरील हरितगृह : तळ उघडा ठेवावा

बोरिवली आणि मुलुंड येथील काही जुन्या वसाहतींत, तसेच दवाखान्यामागील मोकळ्या जागेत, अद्याप जमीन उपलब्ध होते. जमीन ही स्वतःच उष्णतेचे मोठे भांडार आहे. काही फूट खोलीवर तिचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. ते त्या स्थळाच्या वार्षिक सरासरीजवळ राहते. उन्हाळ्याच्या दुपारी ती वरची उष्णता शोषून घेते आणि थंडीच्या पहाटे थोडी परत देते. अशा जमिनीवर काँक्रीटचा कोबा किंवा रोधक थर घालणे म्हणजे निसर्गाने दिलेली ही सोय स्वहस्ते बंद करणे होय. शिवाय कोबा घातला की पाणी मुरण्याचा मार्गही बंद होतो.

येथे आमची सूचना अशी. चालण्याच्या वाटेपुरती जमीन कठीण करावी आणि उर्वरित उघडी ठेवावी. वाटेसाठी मुरूम ठोकून त्यावर चार ते पाच इंच बारीक खडी पुरते; ती पाणी मुरू देते, चिखल होऊ देत नाही आणि उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडल्यास आतील हवा थंड राहते. खडीखाली पाणी झिरपू देणारे विणलेले तणरोधक कापड घालावे. अखंड प्लास्टिकचा कागद घालू नये, कारण त्यावर पाणी साचते. लागवड वाफ्यांतच करावी आणि वाफे भोवतालच्या जमिनीपासून किमान एक ते दीड फूट उंच असावेत. मावळ परिसरातील फुलशेतीच्या पॉलिहाउसमध्ये लाल माती, शेणखत आणि भाताचे तूस मिसळून उंच गादीवाफे करण्याची जी पद्धत रूढ आहे, ती शतावरी आणि अश्वगंधा यांसारख्या निचऱ्याची गरज असलेल्या मुळांस उत्तम मानवते.

उंचीचा हा आग्रह केवळ निचऱ्यासाठी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसची जी साथ पसरली तिचे रुग्ण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी हे तिचे कारण. सखल भागात जमिनीलगत वाढणाऱ्या मंडूकपर्णीवरून असे पाणी गेले तर ती पाने कितीही धुतली तरी स्वरसासाठी वापरणे योग्य नव्हे. पुराच्या पाण्याने स्पर्शिलेले पीक संपूर्ण काढून टाकावे आणि नव्या फुटव्यांची वाट पाहावी, हाच विवेक. वाफा उंच असेल तर ही वेळच क्वचित येते.

आणखी एक दक्षता भरावाची. उपनगरांत जागोजागी पुनर्विकास चालू असल्याने इमारती पाडून निघालेला राडारोडा फुकट मिळतो आणि तळ उंच करण्यास तो सोयीचा वाटतो. त्यात जुना रंग, चुना, सिमेंट आणि धातूचे कण असतात; जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. निर्यातीसाठीच्या वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांत शिसे, पारा, कॅडमियम आणि आर्सेनिक यांची तपासणी १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य झाली, हे औषधनिर्मात्या बंधूंस विदित आहेच. ज्या मुळांचा आपण कल्क करणार त्यांच्याखाली राडारोडा पुरणे म्हणजे प्रयोगशाळेत नापास होण्याची तरतूद स्वतःच करणे होय. जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रेही तळात किंवा वाफ्याच्या कडेस वापरू नयेत.

गच्चीवरील हरितगृह : प्रथम भार, मग भूमी

आपल्यापैकी बहुसंख्यांच्या वाट्यास येते ती गच्ची. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ मध्ये सुरू झालेल्या बागेने हे दाखवून दिले की, शहरात गच्चीवरही वर्षानुवर्षे पीक घेता येते. परंतु प्रत्येक गच्ची सारखी नसते. म्हणून पहिला प्रश्न भाराचा.

भारतीय मानक ८७५ च्या १९८७ च्या दुसऱ्या भागानुसार ज्या सपाट गच्चीवर लोकांचा वावर असतो तिच्यासाठी प्रति चौरस मीटर दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो इतका वरचा भार गृहीत धरला जातो. माणसे, कुंड्या, माती, पाणी, सांगाडा हे सर्व त्यातच आले. ओल्या मातीचा केवळ १० सेंटिमीटर जाडीचा थर प्रति चौरस मीटर १६० ते १९० किलो भरतो. म्हणजे सबंध गच्चीवर चार इंच माती पसरली की मर्यादा ओलांडली. एक फूट व्यासाची ओली कुंडी साधारण २० ते २५ किलोंची असते. मातीत निम्मे कोकोपीट आणि तूस मिसळल्यास हा भार बराच कमी होतो. जड कुंड्या स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता खालच्या तुळया आणि खांब यांच्या रेषेत ठेवाव्यात.

पाण्याचे गणित तर याहूनही सरळ आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे प्रति चौरस मीटर एक किलो. कठड्याने वेढलेल्या गच्चीचे पावसाळी पाइप पालापाचोळ्याने तुंबले आणि १५ सेंटिमीटर पाणी साचले, तर कुंड्यांचा विचार करण्यापूर्वीच १५० किलोंची मर्यादा संपते. म्हणून गच्चीवरील हरितगृहाच्या तळाचा पहिला घटक कोणताही थर नव्हे, तर मोकळी राहणारी पाण्याची वाट होय. पाइपाच्या तोंडाशी उभी घुमटाकार जाळी बसवावी आणि तेथपर्यंत हात पोहोचेल अशी मोकळी जागा कायम ठेवावी.

इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये तिची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तिचा अहवाल पाहिल्याशिवाय आणि संरचना अभियंत्याचे लेखी मत घेतल्याशिवाय एक कुंडीही वर नेऊ नये. तसेच गच्ची ही बहुधा गृहनिर्माण संस्थेची सामायिक मालमत्ता असते; तेव्हा संस्थेची संमती आणि सांगाड्यासाठी महापालिकेची परवानगी या गोष्टी आधी उरकाव्यात. वैद्य हा समाजाच्या विश्वासावर जगतो; वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छतातून पाणी ठिबकू लागले तर त्या विश्वासाची हानी औषधाने भरून येत नाही.

गच्चीचा मूळ तळ : कोबा आणि चायना मोझॅक

मुंबईच्या गच्चीची पारंपरिक रचना समजून घेतली पाहिजे. स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा मसाला यांचा कोबा उतार देऊन घातला जातो, कठड्याशी गोलाकार वाटा काढतात, आणि वर चिनी मातीच्या फुटक्या फरश्यांचा, म्हणजे चायना मोझॅकचा, थर असतो. ही रचना बुद्धिपूर्वक केलेली आहे. विटांचे तुकडे काही अंशी उष्णता रोखतात, पांढरा चकचकीत पृष्ठभाग ऊन परतवतो आणि उतार पाणी वाहून नेतो. परंतु सरासरी ११ सेंटिमीटर जाडीचा हा कोबा प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलोंचा असतो. गळती दिसली की जुन्या कोब्यावर दुसरा कोबा घालण्याची जी प्रथा पडली आहे ती म्हणूनच धोकादायक होय. हरितगृहाच्या निमित्ताने तसे करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो स्वीकारू नये.

मूळ तळ शाबूत आहे किंवा नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. पाइपांची तोंडे बंद करून एका भागात दोन इंच पाणी ४८ तास साठवावे आणि खालच्या छतावर ओल येते का ते पाहावे. ओल आली तर प्रथम जलरोधनाची दुरुस्ती, नंतरच हरितगृह. ही सर्व कामे दसऱ्यानंतर सुरू करून उन्हाळा संपण्यापूर्वी पूर्ण करावीत. सांगाड्याचे खांब उभे करण्यासाठी कोब्यात भोके पाडू नयेत. एक भोक संपूर्ण जलरोधन निष्फळ करते. खांब कोणत्या आधारावर उभे करावेत आणि वादळी वाऱ्यात जाळी उचलली जाऊ नये म्हणून ते कसे बांधावेत, हे अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावे.

उष्णतारोधनाचे तत्त्व आणि द्रव्ये

उष्णता रोखते ती मुख्यतः स्थिर हवा. फेसाळ फलक, तूस, लाकडाचा भुसा, थर्माकोल या सर्वांची रोधक्षमता त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे असते. हवेच्या जागी पाणी शिरले की ती क्षमता नष्ट होते, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक उष्णतावाहक आहे. म्हणून आनूप देशात उष्णतारोधनाचा पहिला नियम असा की, रोधक थर कोरडा राहिला पाहिजे किंवा तो पाणी न शोषणारा तरी असला पाहिजे.

या कसोटीवर द्रव्ये पारखू. भाताचे तूस आणि भुसा पहिल्याच पावसात भिजतात, कुजतात आणि बुरशीस आश्रय देतात. तळात त्यांना स्थान नाही. साधा थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन; हे हलके व स्वस्त आहे, परंतु त्याच्या मण्यांमधील फटींत हळूहळू पाणी शिरते आणि उन्हात त्याचे कण सुटू लागतात. दाबून बनवलेले, बंद पेशींचे पॉलिस्टायरीन फलक थोडे महाग असले तरी पाणी फारच कमी शोषतात. त्यांच्या ५ सेंटिमीटर थराइतका रोध काँक्रीटने साधायचा झाल्यास दोन मीटरहून अधिक जाडी लागेल. आणि त्या फलकांचे वजन मात्र प्रति चौरस मीटर दोन किलोंच्या आतच भरते. हे फलक जलरोधनाच्या वर ठेवावेत. त्यामुळे जलरोधक थर उन्हाच्या तडाख्यापासून वाचतो आणि त्याचे आयुष्य वाढते. फलकांवर ऊन थेट पडू देऊ नये आणि वाऱ्याने ते उडू नयेत म्हणून वर काहीतरी पातळ आच्छादन हवे.

मात्र सर्व गच्ची फलकांनी झाकण्याची आवश्यकता नाही. शेडनेटखाली स्लॅबवर पडणारे ऊन निम्म्याहून कमी होते. अशा ठिकाणी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कुंड्या तळापासून १५ ते २० सेंटिमीटर उंच घडवंचीवर ठेवणे. खालून हवा खेळत राहिली की स्लॅबची उष्णता मुळांपर्यंत पोहोचत नाही, तळ झाडता येतो आणि कुंडीच्या भोकांतून जादा पाणी निथळते. तापलेल्या स्लॅबवर थेट टेकवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये मुळे अक्षरशः शिजतात. पाणी भरपूर असूनही अडुळसा कोमेजलेला दिसतो आणि आपण आणखी पाणी घालतो. रोग पाण्याच्या अभावाचा नसून मुळांच्या दाहाचा आहे, हे निदान व्हावयास हवे. फलकांचा थर मग रोपवाटिकेच्या कोपऱ्यापुरता आणि जेथे कुंड्या तळावरच ठेवणे अपरिहार्य आहे तेथे पुरेसा होतो. या सावलीचा आणि रोधनाचा लाभ सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवाशांसही मिळतो, कारण त्यांचे छत कमी तापते. संस्थेकडे संमती मागताना हे अवश्य सांगावे.

चालण्याचा पृष्ठभाग

शहाबादी फरशी टिकाऊ असते, पण एक इंच जाडीची फरशी प्रति चौरस मीटर सुमारे ६५ किलोंची भरते. गच्चीवर ती फार तर एका अरुंद वाटेपुरती वापरावी, जमिनीवर मात्र खुशाल वापरावी. गुळगुळीत पॉलिश केलेला कोटा किंवा चकचकीत टाइल ओली झाली की पाय घसरतो. पेव्हर ब्लॉक गच्चीसाठी जड आहेत. लाकडी तक्ते आपल्या हवेत कुजतात आणि वाळवीस निमंत्रण देतात. कृत्रिम हिरवळ दिसावयास सुंदर असली तरी ती तापते आणि तिच्याखाली ओल व घाण साठते. गच्चीसाठी सर्वांत सोयीचे म्हणजे उचलता येणारे जाळीदार प्लास्टिकचे किंवा फायबरचे चौकोनी तुकडे. ते हलके असतात, पाणी खाली जाऊ देतात आणि महत्त्वाचे म्हणजे उचलून खालचा तळ धुता येतो.

हा शेवटचा मुद्दा गौण मानू नये. तळाखाली, घडवंचीखाली, थर्माकोलच्या तुकड्यांत वा कुंडीखालच्या ताटलीत चमचाभर पाणी आठवडाभर राहिले तरी एडिस डासाची पैदास होते. महापालिकेचे कीटकनाशक खाते पावसाळ्यापूर्वी गच्च्यांवरील अशा वस्तू हटविण्यास सांगते आणि डासांच्या अळ्या आढळल्यास कारवाईही करते. डेंग्यूच्या रुग्णास गुडूची देणाऱ्या वैद्याच्याच गच्चीवर डेंग्यूचा डास वाढावा, यासारखी विसंगती नाही. ताटल्या वापरूच नयेत. ब्राह्मीसाठी पाण्याचे टाके हवे असल्यास त्यात गप्पी मासे सोडावेत.

एकाच तळावर दोन देश

तळ तयार झाला की त्यावर वनस्पतींची मांडणी देशानुसार करावी. गच्चीच्या उताराचा वरचा भाग लवकर कोरडा होतो. तेथे कोरफड, अश्वगंधा, निर्गुंडी यांना स्थान द्यावे. उताराच्या खालच्या भागाजवळ, पाइपाचे तोंड मोकळे ठेवून, ब्राह्मी आणि मंडूकपर्णी ठेवाव्यात. पिंपळीस सावली आणि दमट हवा लागते, म्हणून तिला मध्यभागी दाट जाळीखाली ठेवावे. गुळवेल आणि शतावरी या वेली असल्याने त्यांच्या मोठ्या कुंड्या खांबांच्या रेषेत ठेवून दोरीवर चढवाव्यात. पावसाळ्यात पहिल्या गटावर पारदर्शक प्लास्टिकचे आच्छादन असावे. शतावरीलाही त्याच्याखाली घ्यावे, अन्यथा त्यांची मुळे कुजतील. अशा रीतीने अडीचशे-तीनशे चौरस फुटांतही आनूप आणि जांगल हे दोन्ही देश शेजारी नांदू शकतात.

वाळवण आणि साठवण

याच जागेचा एक कोपरा द्रव्य वाळविण्यासाठी वापरण्याकडे औषधालयांच्या मालकांचा कल असतो. म्हणून दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये औषधी वनस्पतींच्या लागवडीविषयी व संग्रहाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांनुसार द्रव्य उघड्या जमिनीवर वाळवू नये. सिमेंटचा तळ असल्यास त्यावर स्वच्छ ताडपत्री किंवा कापड घालावे. शक्य तेथे जाळीच्या उंच चौकटींवरच वाळवावे. लागवडीचा ओला कोपरा आणि वाळवणीचा कोरडा कोपरा यांत भिंत किंवा पडदा असावा, कारण एकाच हवेत दोन्ही ठेवल्यास वाळलेले द्रव्य पुन्हा ओल धरते.

साठवणीविषयी चरकाने याच कल्पस्थानात सांगितलेली लक्षणे आजही पुरेशी आहेत. भेषजगृह अग्नी, पाणी, ओल, धूर, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद प्राणी यांपासून सुरक्षित असावे. २००० साली औषध नियमांत समाविष्ट झालेल्या शेड्यूल टी मधील ओल, जंतुदूषण, कीटक व उंदीर यांपासून कच्च्या मालाच्या रक्षणाच्या अटी या आशयाहून वेगळ्या नाहीत. शेणाने सारवलेली भूमी आपल्या परंपरेत पवित्र आणि शीतल मानली गेली. गृहजीवनात तिचे मूल्य आहे. परंतु औषधनिर्मितीच्या जागेत धुता येणारा, फटी नसलेला तळ हवा आणि पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत.

कामाचा क्रम

संरचना अभियंत्याचे मत आणि संमतिपत्रे ही पहिली पायरी. मग पाणी साठवून गच्चीची चाचणी, आवश्यक तेथे दुरुस्ती, पाइपांची जाळी, निवडक जागी बंद पेशींचे रोधक फलक, त्यांवर उचलता येणारे जाळीदार तुकडे, आणि अखेरीस घडवंच्या व कुंड्या. सांगाडा आणि जाळी यांचे काम तळाची दुरुस्ती झाल्यानंतर करावे. पहिल्या वर्षी गच्चीचा एक चतुर्थांश भागच वापरावा. एक संपूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. खालच्या छतावर ओल नाही, पाइप तुंबले नाहीत, कुंड्यांची मुळे निरोगी आहेत, हे पाहूनच विस्तार करावा. प्रारंभी अडुळसा, गुळवेल, तुळस आणि कोरफड एवढीच झाडे पुरेत. ती चुका सहन करणारी आहेत आणि नित्य उपयोगाचीही आहेत.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाली. औषधी वनस्पतींच्या लागवडीस तेव्हापासून शासकीय स्तरावर प्रोत्साहन मिळत आहे. पण अंधेरीतील एखाद्या रुग्णास उद्या सकाळी लागणारा ओला अडुळसा कोणतेही मंडळ पोहोचविणार नाही. तो आपल्यालाच पिकवावा लागेल. त्यासाठी वनक्षेत्र नको, शेतजमीन नको. हलका, कोरडा, उतरता आणि धुता येणारा असा दोनशे चौरस फुटांचा तळ पुरे आहे. रुग्णाची प्रकृती पाहिल्यावाचून आपण औषध योजत नाही. तद्वत् स्लॅबची प्रकृती पाहिल्यावाचून त्यावर एकही कुंडी ठेवू नये, एवढीच आमची वैद्यबांधवांस विनंती आहे.